जुनं पाणी

चारी साफ करायचे दिवस आले की पट्टीवालीच्या ओसरीवर उजाडताच माणसं येऊन बसत. कुणाचा हात कोपरापर्यंत सुजलेला, कुणाची मान लालबुंद, कुणाच्या पोटऱ्यांवर पाण्यानं भरलेले फोड. पट्टीवाली ओसरीच्या टोकाला उभी राहून आधी सगळ्यांना दटावायची, "हात मांडीखाली घाला. खाजवताना दिसला की त्याचा नंबर शेवटी." मग मोठमोठे बाप्ये गुपचूप हात मांडीखाली घालून शाळेतल्या पोरांसारखे बसत आणि तिला मनातून हसू येई. साठी ओलांडली तरी लोक आपलं इतकं ऐकतात, ही गोष्ट काही वाईट नव्हती.

चारी म्हणजे मोठ्या कालव्याला फुटलेला फाटा. दोन मैल लांब. पावसाळ्यात तिच्या दोन्ही काठांना रान माजायचं आणि त्या रानात आगवेल असायची. तीन-तीन पानांची, चकचकीत, दिसायला अगदी गरीब. पण देठ तुटला की चीक येतो, आणि तो अंगाला लागला की दोन दिवसांनी कातडी पेट घेते. कालव्याला पाणी सुटायच्या आधी वस्तीनं चारी मोकळी करायची, घरटी एक माणूस, असं ठरलेलं होतं. ज्या घरचं माणूस नाही त्या घराची पाण्याची पाळी सगळ्यात शेवटी. यंदा पाऊस रेंगाळला, काम पंधरा दिवस उशिरा सुरू झालं. आणि कालव्यावरच्या साहेबानं निरोप धाडला होता, की महिनाअखेर चारी तुंबलेली दिसली तर दार उघडणार नाही, पाणी खालच्या वस्त्यांना जाईल. सगळ्यांची कांद्याची रोपं वाफ्यात वीतभर होऊन पाण्याची वाट बघत होती.

पट्टीवालीचा मुलगा ट्रकवर होता. पंधरवड्यातून एकदा घरी यायचा, जेवायचा, झोपायचा आणि निघायचा. म्हणून चारीवर सून जात होती. तिची आठ महिन्यांची मुलगी दिवसभर आजीपाशी. ओसरीवर माणसं असली की आजी नातीला डाव्या खांद्यावर टाकायची आणि उजव्या हातानं पट्ट्या पिळायची. दोन्ही कामं तिला सारखीच अंगवळणी पडली होती.

पट्ट्या जुन्या चादरी फाडून केलेल्या. त्या भिजत असायच्या ओसरीच्या कोपऱ्यातल्या रांजणात. रांजण जमिनीत अर्धा पुरलेला, आणि आत ओढ्याकाठच्या झाडाच्या सालीचा काळपट काढा. हा रांजण तिच्या सासूचा. पाणी कमी झालं की नवी साल उकळून त्यात भर घालायची, पण रिकामा म्हणून कधी करायचा नाही. सासू सांगायची, "जुन्या पाण्यात गुण मुरतो. वरती जी तेलकट साय दिसते ना, तो गुण. ती काढायची नाही." लोक दोन दिवसांनी पट्ट्या परत आणून देत. पट्टीवाली त्या साध्या पाण्यातून खळबळून पुन्हा रांजणात सोडायची. चादरी काय झाडाला लागतात? मोबदला ती मागत नसे. कुणी अंडी ठेवून जाई, कुणी सरपणाची मोळी.

आणि तिला स्वतःला आगवेल लागत नसे. लग्न होऊन आली त्याच वर्षी ती चारीच्या काठावरून घसरली होती आणि थेट वेलीच्या जाळ्यात जाऊन पडली होती. हात, गळा, तोंड, सगळं चिकानं माखलं. सासूनं दोन दिवस तिच्यावर नजर ठेवली. तिसऱ्या दिवशीही कातडीवर एक पुरळ उठलं नाही, तेव्हा सासूनं शेजारणींना हाक मारून सांगितलं, "हिलाही लागत नाही. माझ्यामागं रांजण हिचा." तेव्हापासून अडतीस वर्षं हे हात त्या पाण्यात जात होते.

"मावशी," एके सकाळी मुकादम आला तो कमरेवर हात ठेवूनच. चारीवरची माणसं त्याच्या हाताखाली. "कामाला काल बावीस होते, आज सतरा आहेत. बाकीचे तुमच्या ओसरीवर. असं चाललं तर चारी काय मी एकट्यानं काढू?"

"काढ ना. काढलीस तर तुझी पट्टी फुकट बांधीन."

"फुकटच बांधता."

"मग दोन बांधीन."

लोक हसले. मुकादम हसला नाही, पण त्यानं बाही वर केली आणि हात पुढे केला. त्याच्या दंडावर फोडांची माळ होती. पट्टीवालीनं गार पट्टी गुंडाळली तसे त्याचे डोळे आपोआप मिटले. हे असंच व्हायचं. पट्टी अंगाला टेकली की आग विझायची, माणूस पहिल्या रात्री गाढ झोपायचा आणि सकाळी पट्टीवालीचं नाव घ्यायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा नवे फोड यायचे. त्याचंही उत्तर सासूनं शिकवून ठेवलं होतं. "आतलं बाहेर येतंय. येऊ दे." मग पुन्हा पट्टी.

संध्याकाळी सून आली. विळा दारातल्या खिळ्याला अडकवला आणि उंबऱ्यावरच बसली. तिला बसता बसता कण्हायला व्हायचं, पण सासूसमोर ती आवाज करत नसे.

"बघू हात," पट्टीवाली म्हणाली.

सुनेनं हात पुढे केला आणि कालची पट्टी सोडली. बोटांवर वेलीचे ओरखडे होते, तिरपे, दोन-तीन. ते सुकत आले होते. पण मनगटाच्या वर चार बोटं रुंद असा फोडांचा पट्टा होता, दोन्ही कडा सरळ, कात्रीनं कापल्यासारख्या.

"आतलं बाहेर येतंय," पट्टीवाली म्हणाली.

"हो," सून म्हणाली. मग म्हणाली, "आई, वेल मला बोटांना लागली होती. इथं लागलीच नव्हती."

"अगं, हात पुसला असशील कुठं. कळतं का कामात?"

 पट्टीवाली नवी पट्टी पिळायला वळली तशी सून म्हणाली, "आज राहू द्या. उगीच ओल राहते." आणि उठून चुलीकडे गेली. पट्टीवालीच्या हातातली पट्टी तशीच ठिबकत राहिली. सुनेनं आपल्या हातची पट्टी नको म्हणावं, हे तिला चांगलंच झोंबलं. 

दोन दिवसांनी पंक्चरवाला आला. हा सडकेवरच्या झाडाखाली सायकली आणि मोटरसायकली दुरुस्त करायचा. वस्तीत त्याची शेती नव्हती, चारीशी त्याचं देणंघेणं नव्हतं. आठवड्यापूर्वी त्याचा हात तापलेल्या सायलेन्सरला टेकला होता. सहज ओसरीवरून जाताना त्यानं तो पट्टीवालीला दाखवला आणि तिनं सहज एक गार पट्टी बांधून दिली होती.

आता तो ओसरीसमोर उभा राहिला आणि त्यानं हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला. भाजल्याचा डाग रुपयाएवढा. पण मनगटापासून कोपरापर्यंत टपोरे फोड, एकाला एक चिकटून, पिवळ्या पाण्यानं भरलेले.

"हे काय आहे, मावशी?"

ओसरीवरच्या कुणालाही ते काय आहे हे सांगायची गरज नव्हती.

"आगवेल लागली तुला," पट्टीवाली म्हणाली.

"कुठं लागली? चारीवर मी पाऊल ठेवलेलं नाही. झाडाखालून उठत नाही मी दिवसभर, विचारा कुणालाही."

"वाऱ्यानं येते कधी कधी."

"वाऱ्यानं?" तो म्हणाला. "आणि तुमच्या पट्टीएवढीच जागा बघून बसली?"

तो मोठ्यानं बोलला नाही. भांडायलाही आलेला नसावा, नुसता दुखण्यानं बेजार होता.  ओसरीवरच्या एका बाईनं मांडीखालचा हात काढला आणि आपल्या मनगटावरच्या पट्टीकडे बघितलं. पट्टीवालीच्या खांद्यावर नात झोपली होती. तिनं उगाच तिच्या पाठीवर थोपटलं, आणि पंक्चरवाल्याला दुसरी पट्टी बांधू का म्हणून विचारायचं तिच्या जिभेवर आलं ते तिनं गिळलं. तो गेला. त्या दिवशी माणसं लवकर पांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीचा डावा गाल सुजलेला होता. पापणी इतकी फुगली होती, की डोळा म्हणजे नुसती एक रेघ. मानेवर बारीक लाल दाणे. जो गाल आजीच्या खांद्यावर असायचा तोच. पोर रडूनही थकली होती, नुसती कुरकुरत होती आणि चेहरा आईच्या दंडावर घासत होती.

पट्टीवाली पोरीला घ्यायला पुढे झाली. सून मागे सरली.

अर्धं पाऊलच सरली. पण सरली. आणि दोघींनाही ते दिसलं.

"दवाखान्यात नेते," सून म्हणाली. "आज चारीवर नाही जात. म्हणेना का मुकादम काय म्हणायचं ते."

"मीही येते."

सरकारी दवाखाना पायी तासाभराच्या अंतरावर होता. पिवळ्या भिंतीची एक खोली, बाहेर बाकडं, बाकड्यावर खोकणारी तीन माणसं. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच यायचे, त्यांचा वार नव्हता. सिस्टर होती. चाळिशीची, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. तिनं पोरीला टेबलावर निजवलं, पापणी हळूच उघडून आत बॅटरी मारली आणि म्हणाली, "डोळा चांगला आहे. वरून सूज आहे फक्त. घाबरू नका." सुनेनं इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला तो बाहेरच्या बाकड्यापर्यंत ऐकू गेला असेल.

सिस्टरनं साबण लावून पोरीचा चेहरा गार पाण्यानं धुतला, पुन्हा धुतला, मलमाची बारकी ट्यूब दिली. "डोळ्यापासून लांब, मुगाएवढंच लावायचं. नखं काप तिची. आणि साध्या गार पाण्याची स्वच्छ घडी ठेव, आग कमी होते. कुणीतरी चारीवर जातं ना घरातलं?"

"मी जाते," सून म्हणाली. "पण मी आल्यावर अंघोळ केल्याशिवाय तिला घेत नाही. साबणानं करते."

"मग दिवसभर कोण घेतं?"

 सून पोरीच्या अंगातलं झबलं नीट करत बसली. सासूचं नाव ती घेणार नव्हती, हे पट्टीवालीला समजलं, आणि त्यानं तिला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी घेते," ती म्हणाली. "पण मला आगवेल लागत नाही, सिस्टर. जन्मात कधी लागली नाही."

सिस्टरनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्या हातांकडे बघितलं. सालीच्या काढ्यानं काळपटलेली बोटं, नखांच्या कडा तपकिरी. हे हात कुणाचे ते तिला कळलं असणार, कारण पुढचं ती सावकाश बोलली.

"असतात अशी माणसं, आजी. चीक तेलासारखा असतो. नुसत्या पाण्यानं तेलाचं भांडं निघतं का? तसाच हाही निघत नाही. कापडावर राहतो, विळ्याच्या मुठीवर राहतो, वर्षवर्ष राहतो. ज्याला लागत नाही त्याच्या हातावरही राहतो. त्याला काही होत नाही, पण तो ज्याला हात लावेल त्याला होतं. आणि त्या माणसाला स्वतःला कधी कळत नाही, हे वाईट."

"फोडातल्या पाण्यानं पसरतं ना पण? आतलं बाहेर येतं…"

"नाही आजी. फोडातल्या पाण्यात काही नसतं. आतून काही येत नाही. बाहेरूनच लागतं, पुन्हा पुन्हा."

बाहेर ऊन चढलं होतं. एरवी पोर आजीच्या कडेवर असती, आता ती आईच्या कडेवर होती आणि पट्टीवाली चार पावलं मागून चालत होती. हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. शेवटी तिनं ते पाठीमागं नेऊन एकमेकांत अडकवले.

"बोल काहीतरी," अर्ध्या वाटेत ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या दे."

"आई, बाळाला ऊन लागतंय," सून म्हणाली. "चला जरा पाय उचलून."

घरी आल्यावर ती ओसरीच्या कोपऱ्यात गेली आणि रांजणावरचं फळकुट बाजूला केलं. काळं पाणी, वर पातळ साय, त्यात निळे-जांभळे रंग फिरत होते. सासू म्हणायची, गुण वर आला. पट्टीवालीनं अंगठा सायीत बुडवून दुसऱ्या बोटावर चोळला. बुळबुळीत लागलं. अडतीस वर्षं रोज हात घालत होती, पण चोळून बघायचं कधी सुचलं नव्हतं. माणसं अंगाचा चीक पट्टीला देऊन जात होती, पट्टी तो पाण्याला देत होती, आणि पाणी तो पुढच्या माणसाला. हे सगळं स्वतःवर करून बघावं म्हटलं तरी सोय नव्हती. तिला लागतच नव्हतं. सासूलाही लागत नव्हतं. दोन बायका, साठ-सत्तर वर्षं, आणि दोघींनाही कळायला जागा नव्हती.

तिला शिंप्याची बायको आठवली. एका वर्षी तिच्या कपाळाला जरासं लागलं होतं म्हणून पट्टीवालीनं डोक्याभोवती पट्टी बांधली आणि मग सगळा चेहरा सुजला. नऊ दिवस त्या बाईला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. पट्टीवाली रोज तिच्या घरी जाऊन पट्टी बदलत होती. रोज सांगत होती, येऊ दे बाहेर. दहाव्या दिवशी शिंप्यानं उपकार मानून हात जोडले होते, आणि तिनंही ते जोडू दिले होते. पट्टीवाली रांजणाशेजारी मट्कन बसली. तिला रडायला आलं नाही. इतका शीण आला की उठायचंही जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर दहा-बारा जण होते. मुकादमही होता. पट्टीवाली टोकाला उभी राहिली, पण हात मांडीखाली घाला असं म्हणाली नाही.

"आजपासून पट्टी बंद," ती म्हणाली. "रांजणातल्या पाण्यात आगवेलीचा चीक आहे. तुमचाच, पट्ट्यांतून आलेला. तो तुम्हाला पुन्हा लागतोय. पंक्चरवाल्याला मीच लावला. माझ्या नातीलाही मीच लावला."

कुणाला पटकन काही समजलं नाही. मग मुकादम म्हणाला, "हे तुम्हाला आता कळलं?"

"आता कळलं."

"मागच्या वर्षी माझ्या भावाचे पाय सोलवटले होते. तेव्हा?"

"तेव्हाही हेच पाणी होतं."

मुकादमानं दंडावरची पट्टी ओरबाडून काढली आणि अंगणात फेकली. त्यापेक्षा वाईट गोष्ट पुढे झाली. भिंतीला टेकून बसलेली एक बाई, जिची मान दोन्ही बाजूंनी लाल होती, काकुळतीला येऊन म्हणाली, "असू दे चीक. मला त्यानं झोप लागते मावशी. एकच बांध. आजच्यापुरती."

"नाही बांधणार."

"एक पट्टी गं."

"स्वच्छ फडकं गार पाण्यात भिजवून ठेव, तसंच गार वाटेल. आधी साबणानं धू."

"ते काय मला घरी करता येत नाही? त्यात गुण काय?"

"गुण नव्हताच," पट्टीवाली म्हणाली. हे वाक्य तोंडातून काढायला तिला फार जड गेलं.

लोक उठून गेले. एकेकाची पाठ तिनं बघितली. शिंप्याची बायको दुखणं घेऊन आलेली नव्हती. ती सरपण घेऊन येत असताना रस्त्यातच थांबून सगळं ऐकत होती. ती ओसरीजवळ आली आणि पट्टीवालीला म्हणाली, "नऊ दिवस मला माझं तान्हं मूल दिसलं नव्हतं." मोळी तिनं ठेवली नाही. तशीच डोक्यावर घेऊन परत गेली.

दुपारपर्यंत पट्टीवालीनं परसात, जिथं कुणाचं जाणं-येणं नाही तिथं, कमरेएवढा खड्डा खणला. सून मदतीला आली तर तिला हाकलून दिलं. "तू लांब हो. तुला लागेल." पट्ट्या जाळायच्या नाहीत, धूर छातीत जातो, असं सिस्टरनं निघताना सांगितलं होतं. म्हणून सगळ्या पट्ट्या खड्ड्यात टाकल्या, बादल्या भरभरून ते पाणी ओतलं आणि माती लोटली. शेवटी पहार घेऊन रांजण फोडला. जुना रांजण, पहिल्या घावात फुटेना. तिसऱ्या घावाला त्याचा काठ पडला तेव्हा तिला सासूची आठवण आली आणि पहिल्यांदा डोळे भरले. सासू वाईट बाई नव्हती. तीही लोकांसाठीच करत होती.

संध्याकाळी तिनं सुनेला विचारलं, "चारी किती राहिली?"

"निम्म्याहून जास्त. पुलाखालच्या पट्ट्यात नुसती आगवेल आहे. तिथं कुणी हात घालायला तयार नाही. मुकादम शिव्या देतो, पण स्वतःही पुढे होत नाही."

पट्टीवाली चुलीकडे बघत बसली. एवढ्या वर्षांत ही गोष्ट कुणाच्याच कशी ध्यानात आली नाही, याचं तिला नवल वाटलं. सगळ्या वस्तीत ज्या एका बाईला आगवेल काही करत नव्हती, ती बाई चारीच्या दिवसांत ओसरीवर बसून असायची. आणि ज्यांची कातडी जळत होती ते सगळे वेल काढत होते.

दुसऱ्या दिवशी सुनेला पोरीजवळ घरी ठेवून तिच्या जागी ती चारीवर हजर झाली. मुलाच्या जुन्या लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, हातात विळा. मुकादमानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मावशी, वय काय तुमचं, काम काय."

"वेल मी काढते. मी पुढे, तुम्ही पन्नास पावलं मागं. मी काढलेल्या वेलीला कुणी हात लावायचा नाही, मीच ओढून खड्ड्यात टाकीन. मागचं गवत-झुडूप तुम्ही काढा. आणि दोन्ही टोकांना पाण्याचं एकेक पिंप ठेव, शेजारी साबण. वेल लागली असं वाटलं की लगेच धुवायचं, घरी जाईपर्यंत थांबायचं नाही."

"तुमचं ऐकून झालं एकदा," मुकादम म्हणाला.

"हे माझं नाही. सिस्टरचं आहे."

तो वळून निघून गेला. पण दुपारी दोन्ही पिंपं आली.

पुलाखाली चिखल होता आणि वर वेलीचं छप्पर. पट्टीवाली वाकली. विळ्यानं बुंधा तोडायचा, मूळ चिखलातून हातानं उपसायचं, मग वेल मनगटाभोवती गुंडाळून मागं ओढायची. पहिल्या तासाभरातच कंबर धरली. गुडघे चिखलात रुतले की निघता निघेनात. चीक हातांवर सुकून काळा पडत होता, चेहऱ्यावर उडत होता, आणि कातडी गप्प होती. तरुणपणी या कातडीचा तिला अभिमान वाटला होता. आता काही वाटत नव्हतं. नुसतं काम दिसत होतं, आणि ते अडतीस वर्षं उशिरा आलं होतं.

असे अकरा दिवस गेले. संध्याकाळी ती परसातच थांबायची. कामाचे कपडे काठीनं उचलून वेगळ्या बादलीत टाकायची. साबणानं कोपरापर्यंत धुवायचं, नखांत काडी घालायची, पुन्हा धुवायचं. विळ्याची मूठसुद्धा साबणानं घासायची. तरी घरात आल्यावर ती नातीजवळ जात नसे. तिची सूज उतरली होती, गालावर नुसते खरखरीत डाग राहिले होते. आजी दिसली की ती दोन्ही हात पुढे करून झेपावायची. आजी हात पाठीमागं घ्यायची आणि लांबूनच बोलायची. पोरीला त्यातलं काय कळणार? ती ओठ काढायची. मग पट्टीवाली ओसरीवर जाऊन बसायची, जिथं रांजणाच्या जागी नुसता गोल खड्डा होता. लोक समोरून जात. काही बोलत, काही बोलत नसत. शिंप्याची बायको बोलत नसे.

बाराव्या दिवशी दुपारी चारी संपली. त्या अकरा दिवसांत नव्यानं आगवेल लागलेली माणसं दोनच होती, आणि दोघांनीही साबणाचा कंटाळा केला होता. मुकादमानं टोकाला उभं राहून मागं बघितलं आणि पट्टीवालीला म्हणाला, "बसा आता मावशी." एवढंच. ती काठावर बसली ती तिला दोघींनी धरून उठवावं लागलं. त्यातली एक तिला न्यायला आलेली सून होती.

घरी सुनेनं परसात पाणी तापवलं नाही, गारच घेतलं. "हात पुढे करा," म्हणाली. तिनं तांब्यानं पाणी ओतलं, पट्टीवालीनं साबण लावला. तीनदा. मग सुनेनं नेलकटर आणून तिची दहाही नखं अगदी मुळापर्यंत कापली. पट्टीवाली लहान मुलीसारखी हात पुढे करून बसली होती. शेवटी सुनेनं स्वतःच्या डाव्या हाताची बाही वर केली, जिथं तो फोडांचा पट्टा नुकता बुजला होता. सासूचा ओला तळवा तिनं आपल्या हातावर घेतला आणि घट्ट दाबून कोपरापर्यंत चोळला.

"हे काय करतेस?" पट्टीवालीनं हात ओढला. सुनेनं सोडला नाही.

"तुम्हाला कळत नाही ना. मला कळेल."

"पुन्हा फोड आले म्हणजे? आत्ताच बरी झालीयस तू."

"आले तर येतील. दोन दिवस बघू."

ते दोन दिवस पट्टीवालीनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. कालव्याचं दार उघडलं, चारीला पाणी आलं, वस्ती आपापल्या पाळीसाठी धावली. सून वाफ्यातली रोपं उपटून जुड्या बांधत होती. ती हात पुसायला उभी राहिली की पट्टीवालीची नजर तिच्या हाताकडे जायची. बाही खाली असायची. विचारायचा धीर व्हायचा नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती ओसरीवर बसली होती. सून आतून आली, नातीला कडेवर घेऊन. तिनं डावी बाही कोपराच्या वर सारली आणि हात उजेडात धरला. पट्टीवालीनं खाली वाकून बघितलं. मनगटापासून वर बघितलं, हात उलटा करायला लावला, पुन्हा बघितलं. जुने डाग होते. नवं काही नव्हतं.

सुनेनं पोरीला तिच्या मांडीवर ठेवलं. पोर लगेच अंगावर चढली आणि तिचा तो डागाळलेला गाल आजीच्या खांद्यावर टेकला. पट्टीवालीचे दोन्ही हात हवेतच राहिले, कुठं टेकवावेत ते तिला कळेना. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायलाही ती हात आणत नव्हती.

सून खाली बसली. तिनं सासूचे हात एकेक करून धरले आणि पोरीच्या पाठीवर ठेवले.

"धरा नीट," ती म्हणाली. "पडेल ती."